बायकोचं गुंतवळ आणि माझं टक्कल

माझ्या मेव्हण्याला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची आशा धरू नये. मोठं मन माझ्या बायकोचं होतं. ती गेली.

मेव्हणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. बोलण्यात पटाईत. लग्न असो की मयत, चार माणसं त्याच्याभोवती जमणार आणि हसणार. वय माझ्याहून फार कमी नाही, पण डोक्यावर काळेभोर दाट केस आणि कपाळावर झुलूप. माझं टक्कल हा त्याचा आवडता विषय. "दाजी, जरा सावलीत बसा, आमचे डोळे दिपत्यात." असलं काहीतरी दर भेटीला ठरलेलं. मी कधी उलटून बोललो नाही. बायकोचा भाऊ, बोलतो तर बोलू दे.

पण दहाव्याला तो बोलला, ते वेगळं होतं.

आमच्यात पिंड देणाऱ्यानं डोक्यावरचे केस उतरवायचे असतात. आपल्या अंगावरचं काहीतरी गेलेल्या माणसाला द्यायचं, असा त्याचा अर्थ. आम्हाला मुलगा नाही, एक मुलगी, तीही वारज्याला दिलेली. म्हणून घाटावर न्हाव्यापुढं मी बसलो. माझ्याकडं काय, कानामागं आणि मानेवर पांढरी झालर, तेवढीच. न्हाव्यानं दोन हात मारले नि वस्तरा पुसला.

"झालं बी?" मागून मेव्हण्याचा आवाज. "दाजींनी हितं बी काटकसर केली."

लोकांनी तोंडाला रुमाल लावले.

मग पिंड मांडला आणि सगळे लांब उभे राहिलो. कावळा येईना. पुण्यात आता कावळे राहिलेत कुठं? कबुतरं म्हणाल तेवढी. ऊन चढलं. मुलगी हात जोडून म्हणाली, "आई, आप्पांची काळजी करू नको, मी बघीन त्यांच्याकडं." तरी नाही. मी मनातल्या मनात जे बोलायचं ते बोललो. तरी नाही.

तेव्हा मेव्हणा मोठ्यानं म्हणाला, "कसा शिवंल? यांनी दिलं काय आक्काला? चार पांढरी केसं! नाराज गेली माझी बहीण, दुसरं काय."

ह्या वेळेला कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत म्हणजे पटलं त्यांना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. पण ते वाक्य आमच्या आधी घरी पोचलं होतं. तेराव्याला भावकीतल्या बायका माझ्या मुलीला कोपऱ्यात घेऊन विचारत होत्या, आईची काही इच्छा राहिली होती का गं, घरात काही होतं का. आमचा सगळा संसार त्यानं दोन शब्दांत निकालात काढला. नाराज गेली.

मी ठरवलं. वर्षश्राद्धाला डोकंभर केस घेऊन बसायचं. न्हाव्याला घाम फुटला पाहिजे. आणि मेव्हण्याला समोर उभा करायचा. म्हणायचं, बघ, आता मोज.

डोक्यावर केस लावून देतात, हे मी हडपसरच्या गाडीतळावर बसच्या पाठीवर वाचलं होतं. एका बाजूला माझ्यासारखा माणूस, दुसऱ्या बाजूला तोच माणूस केस घेऊन हसतोय. मुलीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आप्पा, लोक म्हणतील, बायको जाऊन दोन महिने नाही झाले आणि म्हातारा दुसरी बघतोय."

"म्हणू दे. दुसरी बघायला गेलो तरी ती मला बघायला पाहिजे ना."

ती हसली नाही. माझ्याबरोबर यायलाही तयार झाली नाही.

आता गुंतवळाचं सांगतो. बायको केस विंचरून झाले की फणीत अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळायची आणि कापडी पिशवीत टाकायची. पूर्वी केसांवर भांडी देणारी बाई दारावर यायची, बायको तिला पिशवी द्यायची आणि पातेलं नाहीतर वाटी घ्यायची. ती बाई यायची बंद झाली, पण बायकोची सवय गेली नाही. शेवटची पिशवी कपाटात तशीच राहिली होती. खाली काळे केस, वर करडे, सगळ्यात वर पांढरे. मला ती टाकवेना.

मी शाळेत फार गेलेलो नाही. मला वाटलं, कांद्याचं रोप एका वाफ्यातून काढून दुसऱ्या वाफ्यात लावतात, तसंच हे. रोप कुठलं का असेना, लावणारा हुशार पाहिजे. मग बाहेरचे कशाला? तिचेच लावा. तिचे केस माझ्या डोक्यावर येतील आणि तेच उतरवून मी तिला देईन. मग बोल म्हणावं, काय दिलं.

पिशवी घेऊन मी दवाखान्यात गेलो. काचेचं दार, आत थंडगार. बाकावर पोरंच पोरं, सगळी टोप्या घालून. उघड्या डोक्याचा मी एकटा. समोरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, सोबत कोण आहे?"

"डोकं आहे."

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पेनासारखा कॅमेरा माझ्या टकलावर टेकवला आणि शेजारच्या पडद्याकडं बोट केलं. पडद्यावर माझं डोकं नांगरट केल्यासारखं दिसत होतं आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक तंतू.

"बाबा, तुमचे केस सगळे गेलेले नाहीत. पुढची मुळं दर वेळी आधीपेक्षा बारीक केस काढत गेली. होता होता असे झालेत, डोळ्यांना न दिसणारे."

"भट्टीवर काम केलं जन्मभर. उष्णतेनं झालं."

"नाही."

"हेल्मेट? बोअरचं पाणी?"

"पाण्यानं केस राठ होतील. टक्कल असं पडत नाही. ते आई-वडिलांकडून येतं, दोघांपैकी कुणाकडूनही. पुरुषांच्या अंगात जो रस असतो तो पुढच्या मुळांना सोसत नाही. मागच्यांना सोसतो, म्हणून मागची झालर राहते."

"आमची ही म्हणायची, डोक्यातल्या रागानं जळाले."

"रागानं जळत असते," बाई म्हणाल्या, "तर पुण्यात कुणाच्याच डोक्यावर राहिले नसते."

मला बाई आवडल्या. मग त्यांनी लावणीचं सांगितलं. मागची मुळं एकेक करून काढायची आणि पुढं लावायची. मागचा केस पुढं गेला तरी स्वभाव मागचाच ठेवतो, म्हणून सहसा टिकतो. पण लावलेले केस आधी गळून पडतात, नंतर हळूहळू नवे येतात. पूर्ण दिसायला वर्ष जातं. माझी मागची झालर विरळ, त्यात मला साखर. काढायलाच पुरेसं नाही. आणि लावायच्या आधी डोकं बारीक भादरावं लागतं.

"म्हणजे भादरायला केस पाहिजेत म्हणून मी आलो आणि तुम्ही आधी भादरणार?"

त्यांना काही कळलं नाही. तेव्हा मी पिशवी टेबलावर ठेवली. "मागचे कमी पडत असतील तर हे घ्या. भरपूर आहेत."

त्यांनी पिशवी उघडली. दुसरं कुणी असतं तर नाक मुरडलं असतं. त्यांनी एक लांब केस ओढून काढला आणि दिव्यापुढं धरला. "कुणाचे?"

"बायकोचे. गेली."

"बाबा, हे लावता येत नाहीत. विंचरताना नुसता केस येतो, जिवंत मूळ कातडीत राहतं. आणि मूळ असतं तरी दुसऱ्या माणसाचं तुमचं अंग धरत नाही."

"दुसरं माणूस? जन्मभर तिच्या हातचं खाल्लं मी."

बाईंनी हातातला केस जपून परत पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "अंगाला ते कळत नाही, बाबा."

त्यांनी विचारलं म्हणून घाटावरचं सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज बहुतेक वाढला, कारण बाहेरच्या मुलीनं आत डोकावून बघितलं. बाई म्हणाल्या, "मी तुमचं ऑपरेशन करणार नाही. करतो म्हणणारे भेटतील. तिथंही जाऊ नका." पिशवीची नाडी त्यांनी स्वतः बांधून दिली.

बाहेर आलो तर ती मुलगी टपूनच बसलेली. "अंकल, ऑपरेशन नाही तर पॅच करा ना. एकदम रिअल. लेडीजचेच खरे केस असतात, असेच गोळा केलेले." नको म्हणेपर्यंत तिनं एक केसांचं झाकण माझ्या डोक्यावर बसवलं आणि आरसा धरला. लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसत होतो. ती सांगत होती, टेपनं नाहीतर गोंदानं चिकटवायचा, झुलूप पुढं घेतली की कड दिसत नाही. कुणाला हात लावू द्यायचा नाही. पाण्यात बुडी नको. आणि तेल तर अजिबात नको, तेलानं गोंद सुटतो.

मी आरशातल्या त्या झुलपेकडं बघत राहिलो. ही झुलूप माझ्या ओळखीची होती.

मग एकेक गोष्ट जागेवर बसली. मेव्हण्याचे वरचे केस काळेभोर आणि मानेवरचे करडे. घाटावर सगळ्यांनी बुडी मारली तेव्हा हा पायरीवर चपला राखत उभा. आणि भाऊबीज. माझी बायको भावाच्या डोक्याला लावायला दरवर्षी तेल कोमट करायची. काही वर्षांपासून हा म्हणायला लागला, "आक्का, नुसतं ओवाळ. तेलाची अॅलर्जी हाय मला." ती बिचारी वाटी परत आत नेऊन ठेवायची आणि मला म्हणायची, काय चुकलं हो माझं, हात लावू देत नाही.

झाकण काढून मी त्या मुलीच्या हातात दिलं. ती म्हणाली, "अंकल, आवडलं नाही का?" म्हटलं, "फार आवडलं."

वर्षश्राद्धाला सगळ्यांना बोलावलं. डोक्यावर जेवढी झालर उगवली होती तेवढी सकाळी उतरवली आणि पिंड दिला. दुपारी घरी पानं मांडायच्या आधी दुखवटा काढायचा होता. आमच्यात वर्ष झालं की घरचा पुरुष सोयऱ्यांच्या डोक्याला तेल लावतो, मग गोड खायचं. तेल लावू न देणं म्हणजे दुखवटा धरून ठेवणं. कुणी नाही म्हणत नाही.

मी वाटी भरून खोबरेल घेतलं. ओळीनं सगळे बसले होते. एकेकाच्या टाळूवर तेल घालून चोळत चोळत मेव्हण्यापर्यंत आलो. शेजारी त्याची नवी सून बसलेली.

"मला राहू द्या दाजी," तो हसत म्हणाला. "अॅलर्जी हाय."

"आज नसते अॅलर्जी." मी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. फरशीवरचं पायपुसणं सरकावं तसं काहीतरी हाताखाली हललं. मी वाकून त्याच्या कानात विचारलं, "टेप का गोंद?"

त्याचं हसू तिथंच वाळलं. त्यानं माझं मनगट धरलं. "दाजी, सुनंसमोर नको. पाया पडतो."

मी वाटी कलती धरली होती. काठावर तेल आलं होतं. खोटं कशाला सांगू, मजा येत होती.

"मग बोल. दहाव्याला बोललास तेवढ्याच मोठ्यानं."

"काय बोलू?"

"तुला माहीत आहे."

त्यानं घसा साफ केला. "आक्का... आक्का नाराज नव्हती. कावळंच नव्हतं तिथं, शिवणार कोण? मी उगं बोललो. दाजींनी तिचं सगळं केलं."

मुलगी हातात पळी घेऊन दारात थांबली. कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, हे आता मधीच काय काढलंस?"

"काढू द्या त्याला," मी म्हणालो.

मग एक बोट तेलात बुडवून त्याच्या कानाच्या पाळीला लावलं. रीत झाली. पुढच्या माणसाकडं सरकलो.

वाटी ओतली नाही, ती दयेनं नाही. ओतली असती तर लोक एक दिवस हसले असते आणि तो चार दिवसांनी पुन्हा बोलायला मोकळा. आता तो दर सणाला माझ्या हाताकडं बघतो. बघू दे.

ती नाराज गेली की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही माहीत नाही. जे वदवून घेतलं, ते माझ्याच धाकानं. तरी ते चारचौघांत बोललं गेलं, आणि दारात उभ्या माझ्या मुलीनं ऐकलं. जेवताना तिनं न विचारता माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.