दारातला उजेड

डोळे कसे फसतात ते मी नववीच्या वर्गाला दरवर्षी एक तास दाखवते. दोन सारखी वर्तुळं, एकाभोवती मोठी वर्तुळं, दुसऱ्याभोवती छोटी. मुलं हमखास चुकतात, मग पट्टीने मोजतात आणि हसतात. हा तास मला तोंडपाठ आहे. आई गेली त्या दिवशी त्यातलं काडीचंही उपयोगी पडलं नाही.

ती पहाटे गेली, मल्लेश्वरमच्या घरीच. सात महिने अंथरुणात होती, त्यामुळे धक्का वगैरे कोणाला बसला नाही. मला तर काहीच वाटत नव्हतं. लोक येऊन पाठीवर हात ठेवत होते आणि मी त्यांना कॉफी हवी का विचारत होते. हॉलमध्ये माणसांच्या गराड्यात जमिनीवर ठेवलेली आई फार लहान दिसत होती. ती तेवढीच होती की तशी दिसत होती, याचा विचार करायचा कंटाळा आला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्या उशाशी बसले होते. एकाएकी त्यांनी माझा हात ओढला.

"हललं बघ. पोट हललं तिचं."

मलाही हलल्यासारखं दिसलं होतं. पण मी म्हणाले, "नाही अण्णा. एकटक बघितलं की तसं वाटतं. डोळ्यांचा दोष तो." अगदी वर्गातला आवाज. त्यांनी मान हलवली आणि हात सोडला. त्या आवाजाची मला अजून लाज वाटते.

सवाष्ण गेली की आमच्यात कोरी हिरवी साडी नेसवतात. आईने ते काम माझ्यावर कधीच सोपवून ठेवलं होतं. "माझी हिरवी तूच आण. आणि दारात नेऊन बघ. तुझे अण्णा गेले तर निळी उचलून आणतील." तिच्या लेखी साडी दुकानात बघायचीच नसते. कानडी दुकानदार ‘बेडा अक्का, नको’ म्हणाला तरी ती घडी उचलून पायरीवर यायची आणि उन्हात धरायची. लहानपणी मला त्याचा भयंकर राग यायचा.

अण्णांशी तिचा रंगावरून जन्माचा वाद. तिची एक आवडती साडी होती, रामा रंगाची. ती म्हणायची हिरवी, अण्णा म्हणायचे निळी. दर सणाला ती नेसली की अण्णा विचारायचे, "आज निळी का?" आणि ती मुद्दाम उत्तर द्यायची नाही. त्यांनी कधी हार मानली नाही, तिनेही नाही.

दुकान उघडल्या उघडल्या मी आत होते. दोन वाजता आईला न्यायचं होतं. दुकानदाराने जांभळ्या साड्यांच्या ढिगावर एक साडी पसरली. वर पिवळे दिवे. मी म्हणाले, हीच.

"फंक्शन आहे का अक्का?"

"हो."

"फॉल-पिको करून देतो. स्वल्प वेळ लागेल, दोन दिवस."

"नको. आजच नेसायचीय."

"सरी, बरं," म्हणाला आणि पिशवीत घालून दिली. दार चार पावलांवर होतं. मी त्या दारातूनच बाहेर पडले, साडी पिशवीत.

सिग्नलला शेजारची बस हलली आणि आमची रिक्षाच मागे चाललीय असं वाटून मी दांडा घट्ट धरला. रिक्षा जागची हलली नव्हती. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

घरी आत्याने, अण्णांच्या थोरल्या बहिणीने, साडी उलगडली. हॉलच्या खिडकीतून ऊन येत होतं. तिने पदर खिडकीशी धरला. मग हळू आवाजात म्हणाली, "स्वल्प निळी दिसते गं."

स्वल्प कसली, निळीच होती. जांभळ्याशेजारी, पिवळ्या दिव्याखाली ती हिरवी दिसणारच. हा माझाच तास. आईने आयुष्यभर शिकवलेली एकच गोष्ट, आणि तिने सांगितलेलं शेवटचं काम. घड्याळात साडेबारा वाजले होते. कोणी म्हणालं, बदलून आणायला वेळ आहे का? कोणी म्हणालं, निळी चालत नाही. मी हातात साडीचं टोक धरून उभी होते आणि तरीही मला काही वाटत नव्हतं, फक्त कान गरम झाले होते.

"हिरवीच आहे ती," अण्णा म्हणाले.

ते उठले नाहीत. साडीकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही, आईकडेच बघत होते.

"अरे, उजेडात बघ तरी," आत्या म्हणाली.

"बघितली. हिरवी आहे. तुम्हाला निळी दिसतेय तो तुमच्या डोळ्यांचा दोष." मग आईच्या अंगावरच्या चादरीची सुरकुती सारखी करत, तिलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "हिरवी आहे गं. हिरवीच होती."

बायकांनी पडदा धरला. निऱ्या घालायला मी खाली बसले, पण समोरचं काही नीट दिसेना. डोळे पुसून निऱ्या पुन्हा पहिल्यापासून घालाव्या लागल्या.