डोक्यातलं पाणी

सागाच्या ओंडक्यावर तळहात ठेवून ते आधी लठ्ठ्याची गोलाई सांगायचे, मग मी टेप लावायचो. "लावा बाबू, लावा. मन भरू द्या तुमचं," म्हणायचे. बोटभर फरक निघाला, तर दिवसभर ओशाळलेले असायचे.

आलापल्लीकडच्या एका लाकूड डेपोत मी लिपिक होतो, ते मोजणीवरचे मजूर. एका उन्हाळ्यात थप्पीवरचा लठ्ठा सरकला आणि त्यांच्या डोक्याला लागला. आत रक्तस्राव झाला. पंधरा दिवस दवाखान्यात काढून, महिन्याभराने ते कामावर आले. जखम भरली होती. आम्हाला वाटलं, निभावलं.

पावसाळा सरता सरता ते पाय घासत चालू लागले. मोजलेला लठ्ठा पुन्हा मोजायला घ्यायचे. एकदा पायजमा ओला दिसला. तुम्ही तिथे असता तर कदाचित तुम्हालाही तेच वाटलं असतं, जे मी चार मजुरांसमोर बोललो, "काय भाऊ, सकाळीच घेऊन आले का?"

ते खाली पाहत एवढंच म्हणाले, "पाय उचलत नाई, बाबू. जमीन धरून ठेवते."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या बाई डेपोत आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "हे जल्मात पेले नाई जी." त्या लाजेपोटीच मी त्या दोघांसोबत चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी स्कॅन दाखवून समजावलं. मेंदूभोवती पाणी रोज तयार होतं, रोज रक्तात मुरतं. मार लागल्यावर ती मुरायची वाट अडली, पाणी साचलं, मेंदूवर दाब आला. चाल, आठवण, लघवी, सगळं त्यानेच बिघडलं होतं.

नागपूरला ऑपरेशन झालं. डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून नळी टाकली. काही आठवड्यांनी ते आपल्या पायांनी फाटकातून आत आले. कानामागच्या नळीला माझं बोट लावून म्हणाले, "पाहा, नहर काढला डोक्यातून." आम्ही सगळे हसलो. माफी मागायची माझ्याकडून राहूनच गेली.

नळी कधीही तुंबू शकते, हे बाईंनी पक्कं ध्यानात ठेवलं होतं. डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. रोज सकाळी त्या त्यांना अंगणात चालवून बघायच्या.

दीड वर्षाने एका सकाळी पावलं आखूड पडली. मग उलटी झाली. दुपारच्या आत बाईंनी चंद्रपूरला जायला दारात जीप उभी केली. मीही बसलो. गोंडपिपरीच्या पुढे बाईंच्या मांडीवरचं त्यांचं डोकं जरा हललं. माझ्याकडे बघून ते पुटपुटले, "बाबू, मी पेलो नाई."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर पदर धरला.

नळी बदलली, पण जंतुसंसर्ग झाला. ते परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, बाईंनी उशीर केला नव्हता.

त्यांच्या घरावरून जायचं मी टाळतो. बाजारात मात्र कधी बाई समोर येतात. मी मान वळवण्याआधीच विचारतात, "बरं हाय ना जी, बाबू?"