मरळीची पिल्लं आणि माझी बादली

मंडळी, आज दुपारी गास गावच्या तळ्यावर मासे पकडायला गेलो होतो. आमिषासाठी जुनी मच्छरदाणी बुडवली, तर लालसर पिल्लांचा अख्खा घोळकाच हाती लागला. बादली भरून उन्हात ठेवली.

तासाभराने म्हशी धुवायला आलेले काका बादलीत डोकावले. "बोर्ड नाय वाचला? पिल्लं पकडायला बंदी हाय. आनि ही तर मरळीची! आमच्यात कोनी हात नाय लावत यांना."

"काका, विकत नाहीये. गळाला लावण्यापुरतीच घेतलीत."

त्यांनी नुसतं पाण्याकडे बोट केलं. मच्छरदाणी बुडवलेल्या जागी मोठी मरळ वर यायची, गोल फिरायची, खाली जायची. तासभर मी तिच्यासाठीच गळ टाकत होतो, तिचंच पिल्लू लावून.

बादली तळ्यात पालथी केली. एकही हललं नाही.

आता घरी आहे. ती थांबली असेल का हो शोधायची?