लवूची जाळी

दहिसरला नदीच्या पुलाजवळ लवू परबचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, दोन गाड्या आत गेल्या की तिसरीने रस्त्यावर ताटकळायचं, एवढीशी ती जागा. पण माणूस अस्सल. बापाची गिरणी बंद पडली तेव्हा लवू सोळा वर्षांचा होता. तेव्हा हातात घेतलेला पान्हा त्याने चाळीस वर्षांत खाली ठेवलेला नाही. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगतो. आणि भावही खातो, तेही सांगून टाकतो बुवा. दुसऱ्या मेकॅनिकचं कुणी नाव काढलं की ह्याचं नाक वाकडं झालंच म्हणून समजा.

तर गणपतीला नऊ दिवस उरले असताना उत्तरा कर्णिक तिसऱ्यांदा गाडी घेऊन दारात हजर. बँकेतून रिटायर झालेल्या, स्वतः गाडी हाकणाऱ्या आणि बोलायला एकदम सडेतोड बाई.

“लवू, बोरिवलीत दिवसभर फिरवा, तापमानाचा काटा मधोमध असतो. हायवेला ऐंशीच्या वर गेलं की पंधरा मिनिटांत वर चढतो. मला संगमेश्वरला जायचंय. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे दाखवते.”

दुसरीकडे! लवूच्या जिव्हारी लागलं. थर्मोस्टॅट नवा टाकला होता, कूलंट बदललं होतं, पंखा तपासला होता, रेडिएटरचं झाकणसुद्धा बदललं होतं. आता राहिलं काय, कपाळ?

“चला मॅडम, मीच बाजूला बसतो,” तो म्हणाला.

चेकनाका ओलांडून गाडी अहमदाबादच्या दिशेला लागली. चाळीसला काटा शहाण्यासारखा मधोमध. नव्वदला पोचली आणि हळूहळू सरकायला लागला. एसी बंद केला तर जरा उतरला, वेग कमी केला तर आणखी उतरला. लवू डोकं खाजवत बसला. पाणी फिरतंय, पंखा फिरतोय. म्हणजे उष्णता बाहेर पडत नाहीये. पण वेगात तर वारा जास्त लागायला हवा. मग तो वारा जातोय कुठे?

पेट्रोल पंपावर गाडी थांबवून त्याने बॉनेट उघडलं, पुढे वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

गेल्या वर्षीची गोष्ट. घुशींनी नुसता उच्छाद मांडला होता. रात्रीत बॉनेटमध्ये शिरायच्या आणि सकाळी वायरींचा भुगा. लोक तंबाखूच्या पुरचुंड्या बांधून थकले. तेव्हा लवूने शक्कल लढवली. रेडिएटरच्या पुढे बारीक तारेची जाळी, चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या पट्ट्या, काम झकास. सत्तावीस गाड्यांना बसवली. लोक ‘लवूची जाळी’ म्हणून मागायला लागले आणि हा वीतभर फुगला.

त्याच जाळीवर वर्षभराची धूळ, चिखल आणि मेलेले किडे थापून बसले होते. बोट घातलं तर आरपार जाईना. शहरात इंजिन निवांत चालतं, पंख्याने ओढलेला वारा त्याला पुरतो. हायवेला ते जीव तोडून पळतं, तेव्हा समोरून भरपूर वारा लागतो, आणि तोच ह्या पठ्ठ्याने अडवून ठेवला होता! तीनदा बॉनेट उघडलं, तीनदा नजर जाळीवरून गेली. स्वतःच्या हातची ना ती! तिच्यावर संशय कोण घेतो?

त्याने पट्ट्या कापल्या, जाळी डिकीत टाकली. परत येताना गाडी नव्वदला ठेवली, एसी लावला. काटा जागचा हलला नाही.

“काय होतं हो?” उत्तराबाईंनी विचारलं.

“काही नाही, कचरा अडकलेला.”

“याला म्हणतात हात!” बाई खूश झाल्या. लवू हसला खरा, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

गॅरेजवर येऊन त्याने बायकोला, अक्षताला, सगळं सांगितलं. अजून सव्वीस गाड्या. बहुतेक कोकणातल्याच, आठवड्याभरात निघणार. पोरंबाळं, म्हातारी माणसं, टपावर सामान आणि पुढे कशेडी घाट. लोकांना सांगावं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत. नाव गेलं की ह्या धंद्यात उरतं काय? न सांगावं तर कुणाचं इंजिन कुठे बसेल, देव जाणे.

मग त्याने मधली वाट काढली. पहिला फोन जाळी बसवून घेतलेल्या मधुकरला. “गणपतीसाठी फुकट चेकअप ठेवलाय, ये.”

“आता कुठे वेळ रे, आल्यावर बघू,” मधुकर म्हणाला. दुसराही तेच म्हणाला, तिसऱ्याने तर ऐकूनही घेतलं नाही.

अक्षता बघत होती. “जाळी तुम्हीच लावलात ना? मग खरा सांगूचा पण तुम्हीच,” ती म्हणाली आणि फोन परत त्याच्या हातात दिला.

लवूने आधी उत्तराबाईंना लावला. “मॅडम, कचरा नव्हता. माझी जाळी होती. चूक माझी.”

“कळलं होतं मला. तुमचा चेहरा बघितला मी,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांना सांगितलंत का?”

मग त्याने एकेकाला सरळ सांगायला सुरुवात केली. “मी लावलेली जाळी तुमचं इंजिन तापवणार. आजच या, काढून देतो.” मधुकर एक सणसणीत शिवी देऊन अर्ध्या तासात आला. चार दिवसांत पंचवीस गाड्या येऊन गेल्या. कुणी टोमणे मारले, कुणी नुसतंच बघितलं. लवूने मान खाली घालून सगळं सोसलं.

राहिले श्यामसुंदर तावडे. त्यांचा फोन पाचव्या दिवशी दुपारी लागला, तेव्हा ते पेणच्या पुढे होते. मागे आई, दोन मुली.

“काटा कुठे आहे?” लवू ओरडलाच.

“वर चढलाय जरा. का हो?”

“एसी बंद. बाजूला घ्या. बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. अर्धा तास थांबा.”

मग त्याने स्वतःची चूक सांगितली. थोड्या वेळाने खोबरं कापायला घेतलेल्या सुरीने तावड्यांनी चार पट्ट्या कापल्या, लवू फोनवर एकेक कोपरा सांगत होता. फोन बंद झाला. लवू स्टुलावर बसून राहिला. चहा गार झाला, त्याला पत्ता नव्हता.

तासाभराने फोन वाजला.

“काटा मधोमध आहे,” तावडे म्हणाले. “लवू, तुम्ही गप्प बसला असतात तर चूक कुणाची ते मला जन्मात कळलं नसतं.”

“हो,” लवू म्हणाला.

“गणपती झाले की तुम्हाला चार शिव्या घालायला येणार आहे मी. गाडी घेऊनच येतो. सर्व्हिसिंगचं बघा.”