पिसांच्या टोपीतल्या दोन मडमा

आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या डबीत नट्या होत्या. म्हणजे त्यांच्या तरुणपणी सिगारेटच्या पाकिटातून जाड कागदावरची चित्रं निघायची ना, नाटकातल्या परदेशी बायकांची, ती. पाकीट चेपू नये म्हणून घालायचे म्हणे. गिऱ्हाईक मात्र पुढच्या पाकिटात कोण निघते, या आशेनं ओढत राहायचं!

पिसांच्या टोपीतली एकच मडम डबीत दोनदा होती. एक मी घेतली, एक धाकट्या बहिणीनं. मी माझी बेसनलाडूच्या हातानं धरली, डाग पडला तो कायमचा. बहिणीनं तिची वहीत जपली. सत्तरी उलटली तरी फोनवर चिडवायची, "ताई, तुझी मडम तुपकट!"

बहीण गेली तेव्हा मी इथं जपानात, एदोगावात, मुलाकडे. पोचता आलं नाही. पुढे पुण्याहून येणाऱ्या एकांबरोबर भाच्यानं लिफाफा पाठवला. आत तिची मडम. मी दोघींना शेजारीशेजारी ठेवलं, भाताच्या कुकरला टेकवून.

चौथ्या दिवशी नातीनं पाहिलं. नऊ वर्षांची आहे. एरवी मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देऊन खोलीत पळते. तिच्याकडे कार्टूनमधल्या मुलींची कार्डं आहेत, प्लास्टिकच्या कप्प्यांच्या वहीत. त्या दिवशी चक्क वही घेऊन माझ्याजवळ मांडी घालून बसली.

"आजी, दाबुरी!"

"म्हणजे काय गं?"

"सेम सेम दोन. एक द्यायचं, दुसरं घ्यायचं. रूल आहे."

"मग ही घे." मी माझी पुढे केली.

"शी, डाग आहे. ती दे."

नाही म्हणायला तोंड उघडलंच होतं. पण नाही म्हटलं की ही उठणार, दार लागणार. दिली. बदल्यात निळ्या केसांची एक चमचमती मुलगी मिळाली. तिचं नावसुद्धा मला वाचता येत नाही. नात मात्र अर्धा तास बसली हो, एकेक कार्ड दाखवत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जपानी.

आता सकाळी सगळे गेले की मी नातीच्या खोलीत जाते, वही उघडते आणि बहिणीच्या मडमेमागं, त्याच कप्प्यात, माझी सरकवते. दुपारपर्यंत राहू देते दोघींना. इमारतीच्या खालच्या दाराची बेल वाजली, की घाईघाईनं माझी काढून घेते.

"तुपकट गं तुपकट," मीच म्हणते, आणि दार उघडायला जाते.