हरलेल्या नगरसेविकेचा सत्कार

धम्मशीलाताई नगरपंचायतीची निवडणूक हरल्या, त्याच वर्षी अमरावती विद्यापीठाचा फोन आला. उद्योग आणि नागरी नेतृत्वासाठी काही माजी विद्यार्थ्यांचा सत्कार होता, त्यात त्यांचं नाव होतं. फोन ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "इथं लोकायनं घरी बसवलं, अन् तिकडं नेतृत्वाची शाल देऊन राह्यले. मी नाई जात."

देवानंदनी सत्काराची तारीख तेवढी कॅलेंडरवर लिहून ठेवली.

मोताळ्याबाहेर ताईंची डाळ मिल आहे. त्यांचे वडील पुंजाजी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले. ताईंनी मात्र राजूर घाटातून एसटीनं ये-जा करत बुलढाण्याला बी.कॉम. केलं, आणि नोकरीच्या मागं न लागता भाड्याच्या शेडमध्ये जुनी यंत्रं बसवली. सुरुवातीला गावातले काही दुकानदार त्यांची डाळ घ्यायला कचरायचे. का, ते कुणी तोंडानं बोलत नसे, पण बौद्ध घरातल्या बाईला ते कळत होतं. ताईंनी खामगावची गिऱ्हाइकं धरली. पुढं तेच दुकानदार मिलवर आले, तेव्हा ताईंनी त्यांना चहा पाजला आणि माल दिला.

नगरसेविका झाल्यावर त्यांच्यासमोर बाजाराचा प्रश्न आला. आठवडी बाजार रस्त्याच्या कडेलाच भरायचा. एकदा एक ट्रक भाजीच्या पालात घुसला आणि एका बाईचा पाय गेला. ताईंनी बाजार मागच्या मैदानावर न्यायचा ठराव मांडला आणि तडीस नेला. पण गिऱ्हाईक लगेच तिकडं वळेना. भाजी सुकून परत जायची. विक्रेते चिडले आणि मतदानात तो राग निघाला.

सत्काराच्या आधीच्या बाजारात ताई भाजी घ्यायला गेल्या. वांगी विकणाऱ्या बेबीताईंच्या कानावर बातमी गेलीच होती.

"जाऊन नाई राह्यली म्हणते? काऊन?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? तुम्हीच तं पाडलं मले."

बेबीताईंनी तराजू खाली ठेवला. "हाव, नाई देलं मी तुले मत. तवा दोन महिने माल नाल्यात फेकला मी. पण आता माह्या पोरी पालात बिनघोर बसतेत. तेबी खरं हाय न? जाय तू."

ताई अमरावतीला गेल्या. सूत्रसंचालकांनी 'जनतेच्या मनातल्या लाडक्या नेत्या' अशी त्यांची ओळख करून दिली. माईकसमोर येताच ताई म्हणाल्या, "लाडकी असते, तर निवडून आले असते. मी हरले आहे." सभागृह हसलं. ताई हसल्या नाहीत. "बाजार हलवला ते बरोबरच होतं. पण हलवण्याआधी मी भाजीवाल्या बायकांमध्ये जाऊन बसले नाही. ठराव झाल्यावर त्यांना कळवलं. पुढच्या वेळी आधी बसेन." एवढं बोलून त्या खाली उतरल्या. देवानंदनी शाल घडी करून पिशवीत ठेवली.

पुढच्या बाजाराला बेबीताईंनी त्यांना हाक मारली. मैदानावर सावली नव्हती, पाण्याचा नळ नव्हता.

"मी आता नगरपंचायतीत कोणीच नाई," ताई म्हणाल्या.

"मंग? आमी तरी कोण हाओ?"

त्या दिवशी ताई पोत्यावर बसून राहिल्या. कुणाला सकाळी ऊन लागतं, कुणाची गाडी कुठून येते, सगळं ऐकलं. मग बायकांना घेऊन त्या नव्या नगरसेवकाकडं गेल्या. त्याच्याविरुद्धच त्या हरल्या होत्या. दारातच तो अवघडला. ताई म्हणाल्या, "मी भांडाले नाई आली. या बोलतीन, तुम्ही ऐका." तो ऐकत गेला. नंतर स्वतःहून दोनदा मैदानावर आला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शेड उभी राहिली, नळही आला. कोनशिलेवर नगरसेवकाचं नाव आहे. उद्घाटनाला ताई नव्हत्या. तुरीचा हंगाम होता आणि मिलवर गाड्यांची रांग लागली होती.