सुमनबाईची अट

सुमन गेल्याचा फोन तिच्या सुनेचा, कविताचा. मी हिंगोलीत मुलाच्या घरी लसूण सोलत बसले होते. "मावशी, आई गेल्या," एवढंच बोलली. सकाळी अंगण झाडून सुमन आत आली, पाणी मागितलं, आणि तांब्या हातात यायच्या आत संपलं सगळं. मी पिशवी उचलली, डेपोत जाऊन सेनगावकडची गाडी धरली. रडू आलं नाही. रडारड हा आमच्या दोघींचा प्रांतच नव्हता.

साखऱ्याजवळच्या आमच्या गावात माझ्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं आणि सुमन ग्रामपंचायतीत मेंबर, बौद्धवाड्यातली. बचत गटात आमची गट्टी जमली. बोलायला तिखट. कुणी लांबण लावली की "मुद्द्याचं बोला" म्हणून मोकळी व्हायची, आणि त्यातून मीही सुटले नाही.

गावाला लागून गायरानाचा माळ आहे. धावडा, पळस, बाभळी. गावात रीत अशी, की कुणाच्याही घरी मयत झालं तर माळाचं लाकूड न विचारता आणायचं. कुणी सरणासाठी आणतं, आम्ही मुसलमान कबरीत आडव्या टाकायच्या फळ्यांसाठी आणतो. पण ही रीत पहिल्यापासून सगळ्यांची नव्हती. सुमन नवी नवरी असताना तिचा सासरा भर पावसात वारला आणि बौद्धवाड्याला माळाला हात लावू दिला नाही. शेवटी घराचे वासे काढून त्याचं सरण रचलं, आणि तो पावसाळा घरच्यांनी शेजाऱ्याच्या पडवीत काढला. पुढे मेंबर झाल्यावर तिने ग्रामसभेत ठराव करून घेतला... लाकूड कुणाच्याही मयताला, विचारायचं काम नाही. वाशांची गोष्ट ती कुणाला सांगत नसे. मला सांगितली ती एकदाच, शेंगा फोडता फोडता.

मग ती कंपनी आली. माळावर झाडं लावायची, आहेत ती चाळीस वर्षं जपायची. झाडं हवेतला जेवढा कार्बन धरून ठेवतील त्याचा हिशोब करून तो परदेशातल्या कारखान्यांना विकायचा, आणि त्यातला वाटा गावाला. सुमन खूश होती, झाडं कुणाला नकोत! सरपंच विठ्ठलराव तर पेढे सांगायच्या बेतात होते. ग्रामसभेत सुमनने एवढंच विचारलं, की कुणी मेलं तर लाकूड आणू द्याल का? कंपनीचा साहेब तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, ताई, करार झाल्यावर फांदीसुद्धा नेता येणार नाही, तिच्यातला कार्बन विकलेला असेल. लाकूड शहरात विकत मिळतं, गाडी आम्ही पाठवू.

"मयताच्या लाकडाची अट कागदावर घाला," सुमन म्हणाली, "पहिली सही माझी."

साहेबाने वर विचारलं. वरून नकार आला. सुमन घरोघर फिरली, वाशांची गोष्टही या वेळी तिने सांगितली असावी, आणि कंपनीचा ठराव थोड्या मतांनी पडला.

कंपनी शेजारच्या गावात गेली. तिथे सौरदिवे लागले, पाण्याची टाकी झाली. तिथल्या बायकांना आता सरपणासाठी लांब जावं लागतं म्हणतात, पण आमच्या गावातून संध्याकाळी दिसतात ते दिवेच. विठ्ठलरावांनी एकदा पारावर तिला सुनावलं, "मेंबरबाई, मढ्यांपायी जित्या माणसायला अंधारात ठेवलं तुमी. आता माळ तुमच्याच मयताला जपून ठेवा." पुढच्या निवडणुकीत ती पडली. मग एक दिवस हिंगोलीला माझ्याकडे आली. चहा निवून गेला तरी हात लावला नाही.

"नजमा, चुकलं का गं माझं?"

मी म्हटलं, मला सांगता येत नाही. खरंच येत नव्हतं, आजही येत नाही.

"मला बी न्हाई," ती म्हणाली. "पण उद्या पुन्हा इचारलं तर हेच म्हणीन."

मी गावात पोचले तेव्हा सुमनला पांढरी साडी नेसवून झाली होती. घरामागे लाकडाची रास होती, नीट ताडपत्री घातलेली. कविताने सांगितलं, पारावरच्या त्या बोलण्यानंतर आईंनी स्वतःच्या बांधावरची बाभूळ तोडून वाळवून ठेवली होती. माझ्यासाठी माळाला हात लावायचा न्हाई, असं बजावलंही होतं. मला तिचा भयंकर राग आला. अख्ख्या गावासाठी भांडली आणि एका टोमण्यापायी स्वतःचा हक्क सोडून बसली!

पोरं ती रास उचलायला गेली तेवढ्यात ट्रॅक्टर येऊन थांबला. मागे माळावरचं धावड्याचं लाकूड भरलेलं, आणि चालवायला विठ्ठलराव. खाली उतरले, उपरण्याने तोंड पुसलं.

"घरचं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "मेंबरबाईला माळाचंच लागंल."

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. तिथे मात्र मला रडू आवरलं नाही... चांगली हमसून रडले.

परवा पुन्हा जाऊन आले. रास घरामागे तशीच आहे. मी कविताला म्हटलं, चुलीला घाल, वाळवी लागेल. तिने मान हलवली. म्हणाली, "पावसाळ्यात कुणी गेलं तर माळाचं लाकूड वल्लं असतंय, मावशी. तवा हे कामाला येईल. कुणाच्या बी." मग उडालेलं ताडपत्रीचं टोक तिने ओढून घेतलं आणि त्यावर दगड ठेवला.